तू पुसलेली सावली

शौकत,

परवा रेहानाने तुझा फोटो पाठवला. स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावायला तिने तयार केलेला. खाली लिहिलं होतं, "काका, जमलाय का बघा." जमलाय. मागे तुझा तो आवडता निळा पडदा टाकलाय, शर्टाची चुरगळलेली कॉलर सरळ केलीय आणि तुझ्या डाव्या गालापासून छातीपर्यंत पडलेली सावली साफ काढून टाकलीय. कुठे होती ते शोधूनही सापडत नाही. तुझ्याच हाताखाली तयार झालेली लेक, दुसरं काय होणार!

मूळ फोटो मीच तिला दिला होता. तू गेल्यावर लक्षात आलं की तुझा एकही धड फोटो नाही. कडेगावातली निम्मी लग्नं तू काढलीस, बारशी काढलीस, निरोप समारंभ काढले, फौजेत भरती झालेल्या पोरांचे वर्दीतले फोटो काढलेस. आणि तुझा म्हणून सापडला तो आधार कार्डावरचा, ज्यात तू कुणाची तरी शेळी चोरून आल्यासारखा दिसतोस. मग माझ्या मोबाइलमधला हा एक निघाला. त्यात तू एकटा आहेस असं कुणालाही वाटेल, पण तो आपल्या दोघांचा फोटो आहे. ती सावली माझी होती. शाळेत एका बाकावर बसल्यापासूनच्या दोस्तीत आपण दोघे एका चौकटीत आलो ते तेवढंच. आता तेही गेलं.

हे रेहानाला सांगायचं की नाही, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. आणि असले प्रश्न मी आजवर तुझ्या स्टुडिओत बसून तुझ्या चहावर सोडवत आलोय, म्हणून तुलाच लिहितोय.

सावलीवरून आपलं भांडण जुनंच. ते सुरू झालं गुरू ग्रहापासून.

हायस्कूलमध्ये विज्ञान प्रदर्शन होतं. विज्ञानाचा शिक्षक म्हणून दर वर्षी तेच ते ज्वालामुखी आणि पाणी गाळायचे माठ बघून मी कंटाळलो होतो. म्हटलं, यंदा काहीतरी मोठं लावू. गुरूभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेला एक फोटो मी इंटरनेटवरून उतरवून तुला दिला. तपकिरी, पांढऱ्या, पिवळट ढगांचे पट्टे, दुधात चहा ओतताना दिसावेत तसे. आणि त्या पट्ट्यांवर एका बाजूला एक काळाभोर लांबट गोल. गुरूच्या एका चंद्राची सावली. मी तुला म्हणालो, ह्याचा मोठा फ्लेक्स करायचाय. तू म्हणालास, ठेव, बघतो. त्या गोलाबद्दल मी काही बोललो नाही, तू काही विचारलं नाहीस.

फ्लेक्स छापायला आपण कुपवाडला गेलो तुझ्या मोटारसायकलवरून. येताना तिथून न उलगडताच घेतलेली गुरूची गुंडाळी मी मांडीवर आडवी धरून मागे बसलो होतो आणि तासगावच्या पुढे एका उसाच्या ट्रॉलीने आपल्याला जवळजवळ रस्त्याखाली घातलं. तू मागे न बघता ओरडून विचारलंस, ग्रहाला काय झालं न्हाई न्हवं? माझी चौकशी नंतर केलीस.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शिपायांनी तो फ्लेक्स व्हरांड्यात टांगला. मी पाहुण्यांच्या हारतुऱ्यात अडकलेलो. खाली माझ्या हस्ताक्षरातली पाटी होती: गुरू ग्रहावर पडलेली त्याच्या चंद्राची सावली. काळा ठिपका नीट पाहा. जिल्ह्याहून आलेले साहेब पाटी वाचून बराच वेळ मान हलवत उभे राहिले आणि एका तपकिरी भोवऱ्याकडे बोट करून म्हणाले, वा, किती स्पष्ट आलीय. आमचे चित्रकलेचे सर बायकांना समजावून सांगत होते की सावली एकदम दिसत नाही, डोळे बारीक करून बघावं लागतं. बायका डोळे बारीक करून बघत होत्या आणि त्यांनाही दिसत होती. सगळ्या गावाला सावली दिसली. तुला तेवढी दिसली नाही.

तू गळ्यात कॅमेरा अडकवून प्रदर्शनाचे फोटो काढायला आला होतास. पाटी वाचलीस, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत बघितलास आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलंस, "मास्तर, सावली कुठाय रं?" मी वळून बघितलं तर गुरूचा चेहरा स्वच्छ. नव्या नवरीसारखा.

"त्यो काळा डाग व्हय?" तू म्हणालास. "त्यो मी काढला की."

तुला वाटलं होतं कॅमेऱ्यात धूळ बसलीय. एवढा मोठा गोरापान ग्रह आणि गालावर कुळकुळीत तीळ. तू म्हणालास, ह्याचं लगीन कसं जमायचं! लग्नाच्या मुलींच्या फोटोतले तीळ, मुरमं, भाजल्याचे डाग तू आयुष्यभर काढत आलास, त्याच हाताने गुरूचाही काढलास. आणि काढलास तो असा, की ढगांच्या पट्ट्यात पट्टा मिसळून दिलास, कुठे जोड दिसू दिला नाहीस. मी तुझ्यावर भडकलो होतो ते खरं, पण ते काम बघून मनात म्हटलं, गड्या, हात आहे की काय आहे! हे तेव्हा तोंडाने म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं असं आता वाटतं, पण तू त्यावर महिनाभर मिजास केली असतीस.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता तू एकटा कुपवाडला गेलास आणि सावलीसकट गुरू छापून आणलास. तो अजून प्रयोगशाळेच्या बाहेर टांगलेला आहे. तो टांगून झाल्यावर आपण शाळेच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलो होतो. ऊन कलतीला आलं होतं. मी उठलो, चार पावलं लांब गेलो आणि मोबाइलवर तुझा फोटो काढला. ऊन माझ्या पाठीवर होतं, त्यामुळे माझी सावली पायऱ्या चढत तुझ्या अंगावर आली. तू शर्टाकडे बघितलंस आणि हसायला लागलास.

"आरं, माझा गुरू केलास व्हय? सरक की बाजूला."

मी सरकायच्या आत बटण दाबलं होतं. फोटोत तू हसतोयस ते त्यामुळे.

त्यानंतर तो चंद्र तुझ्या डोक्यातून गेला नाही. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी मी स्टुडिओत आलो की तू विषय काढायचास. एकदा तर स्टुडिओतला मोठा दिवा लावून, स्टुलावर तुझं हेल्मेट ठेवून, मधे लिंबू धरून तू उभा राहिलास. लिंबू हेल्मेटजवळ नेलं की सावलीची कड धारदार, लांब नेलं की कड पुसट. सूर्य म्हणजे दिवा, गुरू म्हणजे हेल्मेट, चंद्र म्हणजे लिंबू, एवढ्यावर आपलं एकमत होतं. भांडण पुढे होतं. तुझा प्रश्न असा की चंद्राची सावली आली तर चंद्र कुठाय? फोटोत का नाही? मी सांगितलं, यान चंद्रापेक्षा ग्रहाच्या पुष्कळ जवळ होतं. चंद्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे लांब राहिला. तू लिंबू माझ्या हातात देऊन स्वतः कॅमेरा घेऊन मधे येऊन बघितलंस. डोळा लावलास. हेल्मेटवर सावली होती, लिंबू नव्हतं. पटलं तुला, पण आवडलं नाही.

तुझं म्हणणं सरळ होतं. फोटोवाल्याच्या मागे उभं राहून कुणी सावली पाडत असेल तर आपण त्याला सरक म्हणतो. यानवाल्यानेही चंद्राला म्हणायला हवं होतं. आणि नसेल म्हणता आलं तर नंतर सावली काढून टाकावी. जो माणूस फोटोत नाही त्याची सावली कशाला? बघणाऱ्याला उगीच कोडं. मी म्हणायचो, अरे, तिथे चंद्र आहे हे कळायला त्या फोटोत दुसरं काहीच नाही. सावली पुसलीस तर चंद्रच पुसलास. तू म्हणायचास, चंद्र त्याच्या जागी हाय की, माझ्या पुसण्यानं पडतूय व्हय खाली?

आणि ग्रहणाचं. मी बोलून गेलो की त्या काळ्या गोलात तेव्हा खग्रास ग्रहण लागलेलं असणार. तू विचारलंस, तिथं उभं राहायला जमीन आहे का? मी म्हणालो, नाही, नुसता वायू. मग बघायला कोण? कुणी नाही. "मग गिराण लागलं कुणाला?" असं म्हणून तू विजयी चेहऱ्याने लिंबू कापलंस आणि सरबत केलंस. ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

तुझी बाजू कुठून आली होती हे मला माहीत होतं. तुझ्याकडे सगळ्यात घाईचं काम मयताच्या फोटोचं असायचं. दहाव्याच्या आत फोटो पाहिजे म्हणून लोक यायचे आणि पुढ्यात ठेवायचे काय, तर लग्नातला घोळक्याचा फोटो, नाहीतर रेशन कार्डावरचा नखाएवढा. त्यातून तू माणूस उचलून काढायचास. मंडपाची झालर, शेजारच्याचा खांदा, टोपीची सावली, सगळं बाजूला करून तू त्याला निळ्या पडद्यापुढे बसवायचास. गरिबाला कोट घालायचास. ईद असली तरी दुकानाची एक फळी त्यासाठी उघडायची. तुझ्या घरात भिंतीवर फोटो लावत नाहीत, तुझ्या अब्बांना तर हा धंदाच शेवटपर्यंत पसंत नव्हता, आणि आमच्या घराघरांतल्या हार घातलेल्या चौकटी सगळ्या तुझ्या हातच्या. तुझा नियम ठरलेला होता. माणूस गेला की त्याच्यावर सावली ठेवायची नाही.

आमच्या आण्णांचा फोटोही तूच केलास. आण्णांचा एकच फोटो होता, पलटणीतला, भर उन्हातला. टोपीच्या सावलीत डोळे पार गेलेले. तू ते डोळे उघडून दिलेस. फोटो भिंतीला लावला तेव्हा सगळे म्हणाले, आण्णा बोलतात की काय असं वाटतं. आई मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये डोळं ह्येंचं न्हाईत. ह्ये तर आपल्या पोराचं हाईत." मी तुला विचारलं तर तू लगेच कबूल झालास. सावलीखाली काहीच उरलं नव्हतं, म्हणून माझ्या एका फोटोतले डोळे काढून बसवले होतेस. बापाचे डोळे लेकाला येतातच, मग लेकाचे बापाला दिले तर बिघडलं कुठे, असा तुझा हिशोब. आईला ते हळूहळू आवडायला लागलं. जाईपर्यंत ती त्या फोटोपुढे उदबत्ती लावायची आणि माझ्याकडे बघून हसायची. ह्याबद्दल मी तुझा किती ऋणी आहे ते मला सांगता येत नाही. पण त्याच फोटोमुळे मला हेही कळलं, की सावली काढली की तिच्याखालचं काहीतरी आपल्याला मनाने बनवावं लागतं.

सांगलीच्या दवाखान्यातलं मला लिहायचं नव्हतं, पण ते सोडून हे पुरं होत नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला होता आणि भाभींना समजेल अशा भाषेत सांगत होते की फुप्फुसात सावली दिसतेय. ते गेल्यावर तू ती फिल्म मागून घेतलीस आणि खिडकीच्या उजेडाकडे धरलीस. मला वाटलं तू घाबरशील. तू म्हणालास, एक्स्पोजर चांगलं हाय. मग त्या पांढुरक्या ठिकाणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलंस.

"मास्तर, सावली हाय म्हंजी चंद्र असणार की. ह्येचा चंद्र कुठाय, त्ये सांग."

मी काहीतरी बोललो. औषधं चांगली निघालीत असं काहीतरी. तू फिल्म पाकिटात घातलीस आणि उसाच्या तोडीचा विषय काढलास, जो तुला आयुष्यात कधी कळला नाही. मला धीर द्यायला तू ते केलंस हे मला तेव्हाच समजलं. दवाखान्यात आजारी तू होतास आणि सांभाळत मला होतास. तुला सोडून कडेगावला परतताना बसमध्ये मी रडलो. हे तुला सांगितलं नव्हतं.

तुझ्या मातीला सगळा गाव होता. मीही मूठभर माती दिली. नंतर भाभींकडे जाऊन बसलो, पण मित्राला अशा वेळी करण्यासारखं काही नसतं. भाऊ कामं वाटून घेतात, जावई पाहुण्यांचं बघतात, मित्र चप्पल शोधून घरी येतो. म्हणून रेहानाने फोटो मागितला तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्याकडूनही काही जातंय.

परवा तिचा तो साफ केलेला फोटो बघून मी तिला फोन केला. म्हणालो, मूळचाच लावला तर? सावली राहू दे की. ती अगदी तुझ्या स्वरात म्हणाली, "काका, अब्बांनीच शिकवलंय. गेलेल्या माणसावर सावली ठिवायची न्हाई." हा तर तुझाच कायदा. तिने बापाचं ऐकलं आणि बापासाठी ऐकलं. सावली माझी होती हे सांगितलं असतं तर तिने आदराने परत टाकली असती, पण मग तुझ्या लेकीने तुझा पहिला नियम तुझ्याच फोटोवर मोडला असता, आणि तोही माझ्या सांगण्यावरून. मी म्हणालो, बरोबर आहे बाळ, छान झालाय.

पण फोटो बघितला की मला ते खटकतंच, शौकत. गालावर दाढी करताना तुझे नेहमी राहून जायचे ते केस गेले. तो गाल आता रेहानाने बनवलेला आहे. आणि तू हसतोयस, पण कशाला हसतोयस हेच फोटोत उरलेलं नाही. समोर कुणी नसताना हसणारा माणूस तू नव्हतास. तुला हसायला समोर कुणीतरी चूक करणारा लागायचा.

काल शाळा सुटल्यावर मी स्टुडिओकडे गेलो. तुझं शोकेस पश्चिमेकडे तोंड करून. संध्याकाळचं ऊन थेट आत येतं आणि दोन उन्हाळ्यांत फोटोतल्या नवऱ्यामुलींचे शालू पांढरे पडतात, म्हणून तू दुपार कलली की उठून बाहेरची ताडपत्री सोडायचास. बोलता बोलता, माझं वाक्य अर्धं तोडून उठायचास. रेहानाला अजून ती सवय लागलेली नाही. आत गिऱ्हाईक होतं, ताडपत्री वर गुंडाळलेली, आणि ऊन काचेवर. मधोमध तू. निळा पडदा, सरळ कॉलर, स्वच्छ गाल.

मी फोटो बघायला म्हणून काचेपुढे उभा राहिलो. ऊन माझ्या पाठीवर होतं. माझी सावली काचेतून आत गेली आणि तुझ्या डाव्या गालापासून छातीपर्यंत पडली. मुद्दाम केलं नव्हतं. बघितलं तेव्हा पडलेलीच होती, आणि तू तिच्याकडे बघून हसत होतास.

रेहाना गिऱ्हाइकाला सोडायला दारात आली. म्हणाली, "काका, जरा सरका. अब्बांवर सावली पडतीया."

"पडू दे," मी म्हणालो. "तेवढंच ऊन लागत न्हाई त्याला."

ती पायरी उतरून माझ्या शेजारी आली. काचेत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काचेत बघितलं. सावली काढताना तिने तिची कड न् कड डोळ्याखालून घातली होती. ती आत गेली आणि तू हेल्मेट ठेवलं होतंस ते स्टूल आणून तिने माझ्यामागे ठेवलं, ऊन उतरेपर्यंत बसा म्हणून.

बसलो असतो, पण खाली बसल्यावर सावली तुझ्या पोटावर गेली असती. म्हणून उभाच राहिलो.